डागाचं वय

मे महिन्यात कुडाळहून नेरूरपारमार्गे मालवणकडे निघालं, की धामापूरच्या आसपास घराघरांच्या खळ्यांत एकच रंग पसरलेला दिसतो. रातांबे फोडून आमसुलांसाठी सालं उन्हात घातलेली असतात. मिठाच्या रसात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची. पुटावर पूट चढतं तशी साल काळपट होत जाते आणि या सगळ्या येरझाऱ्यांत डब्यातून, पाटीतून, पोरांच्या हातांतून रस खाली गळतो. खळं शेणाचं असेल तर कुणी वळूनही बघत नाही. सिमेंटचं असेल तर माजघरातून हाक येते, "आधी ताडपत्री घाल खाली!"

ही हाक फार जुनी नाही.

धामापुरात जुन्या गोष्टींची तशी वाण नाही. इथलं तळं १५३० सालचं, विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई याने बांधवलेलं. कृष्णदेवराय जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं, गादीवर अच्युतदेवराय होता. तळ्याच्या काठावर भगवतीचं देऊळ आहे. लग्नकार्याच्या आधी फुलांचे दागिने करून परडीतून तळ्यात सोडायचे आणि तळ्याने तसेच सोन्याचे दागिने वर आणून द्यायचे, कार्य उरकलं की परत करायचे, ही इथली दंतकथा. कुणीतरी दागिने परत केले नाहीत आणि तळ्याने देणं थांबवलं, हेही ओघाने आलंच. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत या तळ्याचा समावेश केला. 

तळं बांधलं गेलं तेव्हा पोर्टलंड सिमेंट जन्माला यायला २९४ वर्षं होती. म्हणजे या तळ्याने पाहिलेल्या पाच शतकांपैकी बहुतेक काळ त्याच्या आसपासची माणसं मातीवर राहिली, जेवली, निजली. त्यांच्याही हातून तेल सांडलं असणार, फणसाचा चीक पडला असणार, रातांबा फुटला असणार. पण जमिनीवरचा डाग कसा काढायचा, हा प्रश्न त्यांना पडायचं कारण नव्हतं. कारण त्यांची जमीनच तेवढी जुनी होत नव्हती.

खळं म्हणजे घराचं पुढचं अंगण. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तो खळ्याचं काही शिल्लक ठेवत नाही. चार महिन्यांत त्याच्यावर गवत वाढतं, माती वाहून जाते, गुरांच्या खुरांनी खड्डे पडतात. पाऊस ओसरला, भात कापणीला आलं, की नवं खळं करायचं. गवत तासायचं, कुदळीने वरची माती मोकळी करायची, लाल मातीची भर घालायची, पाणी शिंपायचं आणि लाकडी चोपण्याने चोपत सुटायचं. चोपण्याचे धप्प धप्प आवाज संध्याकाळी एका वाडीतून दुसऱ्या वाडीत ऐकू जायचे. जमीन दगडासारखी वाजायला लागली की वर शेणाचा हात. त्यावर भात झोडायचं, मग मिरच्या, मग काजूबिया, मग रातांबे; मधल्या काळात मांडव घालून एखादं लग्न. आणि पाऊस आला की सगळं पुन्हा मातीत.

आतल्या जमिनीचं वेळापत्रक याहून कडक. आठवड्याला सारवण ठरलेलं, सणावाराला जास्तीचं. शेणकाला पातळ हवा पण पाणचट नको. उजव्या हाताची बोटं किंचित फाकवून अर्धगोल मारत मागे मागे सरकायचं, म्हणजे आपलेच पाय आपल्या सारवणावर उमटत नाहीत. या अर्धगोलांची नक्षी वाळल्यावर तशीच राहायची, आणि कुणाचा हात चांगला हे त्यावरून ठरायचं. जमीन काळीभोर, तुळतुळीत हवी असेल तर शेणात मशी घालत, म्हणजे कोळशाची किंवा जाळलेल्या पेंढ्याची पूड. घरोघरी बॅटऱ्या आल्यानंतर संपलेले सेल फोडून त्यातली काळी पूड मिसळायची युक्ती निघाली. ती पूड अंगाला चांगली नव्हती, पण जमीन अशी चमकायची की शेजारणींनी विचारावं. अशा जमिनीवर डाग दिसणार तरी कुठे? आख्खी जमीनच निगुतीने लावलेला एक डाग होती.

थोडक्यात, तेलाचा थेंब सांडला तर त्याचं आयुष्य फार तर आठ दिवसांचं. पुढच्या सारवणात तो नव्या थराखाली गाडला जायचा. खोलवर मुरलेला असला तरी दिवाळीच्या आधी कुदळीखाली यायचाच. डाग काढणं असं वेगळं कामच नव्हतं. जमीन नवी करणं हे काम होतं, आणि डाग त्यात आपोआप जायचा.

भिंतींचा न्याय हाच. किनाऱ्यावर शिंपल्या भाजून चुना होत असे. गणपतीच्या आधी भिंतींना चुना काढला की वर्षभराची काजळी, तेलकट हात, पोरांनी ओढलेल्या रेघोट्या पांढऱ्याखाली गडप. देवळांत आणि ऐपतदारांच्या घरांत जमिनीलाही चुन्याचा कोबा असे, चांगला कुटून, घोटून केलेला. चुना ओला असताना त्यावर पडलेली खूण मात्र राहते. धामापूरपासून जवळच मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे. १६६४ च्या नोव्हेंबरात त्याचा पाया घातला गेला आणि सुमारे तीन वर्षांत तो बांधून झाला. किल्ल्यात चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे घुमटीखाली जपून ठेवले आहेत, ते शिवाजी महाराजांचे मानले जातात. पर्यटक रांग लावून पाहतात.

लीड्सचा गवंडी जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये आपल्या नव्या भुकटीचं पेटंट घेतलं. तिच्यापासून केलेला दगड पोर्टलंड बेटावरच्या इमारती दगडासारखा दिसतो म्हणून तिला ते नाव दिलं. हिंदुस्थानात १९०४ मध्ये मद्रासला समुद्री शिंपल्यांपासून सिमेंट करायचा प्रयत्न झाला, तो काही तगला नाही. १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना सुरू झाला आणि देशी सिमेंट बाजारात आलं. ते कोकणातल्या खेड्यात पोचायला मात्र बरीच वर्षं जावी लागली. आलं तेव्हा ते मुंबईच्या पैशावर आलं. गिरणीत नाहीतर गोदीत राबणारा चाकरमानी सुट्टीला गावी यायचा, तेव्हा त्याला मुंबईतल्यासारखी कोरडी, धुता येणारी जमीन आपल्या घरात हवी असायची. आधी ओटी, मग माजघर, मग न्हाणी. खळ्याचा नंबर सगळ्यांत शेवटी लागला.

या सिमेंटच्या जमिनीलाही म्हणायचे कोबाच. चुन्यासाठीचा शब्द सिमेंटने बिनबोभाट उचलला. हौशी घरांत तो लाल असे. सिमेंटमध्ये हिरमिजी घालून वरचा पातळ थर द्यायचा आणि ओला असताना गवंड्याने गुरमाळ्याने तो घोटत बसायचं. चांगल्या गवंड्याचा लाल कोबा आरशासारखा. पुढे कित्येक वर्षं खोबरेल लावलेल्या फडक्याने पुसून घरातली बाई ती चमक राखायची. चिऱ्याच्या भिंती, लाल माती, लाल जमीन. कोकणातल्या घराला तो रंग पहिल्यापासून आपलासाच.

मधली काही दशकं सिमेंट मिळवणं हाच एक उद्योग होता. भाव आणि वाटप सरकारच्या हातात, परमिटाशिवाय गोणी मिळायची नाही. सिमेंटच्या वाटपावरून उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. ते कोकणातलेच, रायगडचे. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि फेब्रुवारीअखेर केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं. कोकणातल्या खेड्याच्या दृष्टीने हा योग मोठा विचित्र होता. सिमेंट खुलं झालं, आणि सिमेंटसाठी मनिऑर्डर करणारे हातच रिकामे झाले. १ मार्च १९८९ ला उरलंसुरलं नियंत्रणही गेलं. त्यानंतर खळीसुद्धा सिमेंटची होऊ लागली. चोपणी मांगरात गेली, तिथून चुलीत.

आणि डागांना पहिल्यांदा आयुष्य मिळालं.

कोबा दिसतो दगडासारखा, पण आतून तो सच्छिद्र असतो. माल कालवायला सोपा जावा म्हणून गवंडी हात सैल सोडून पाणी ओततो. सिमेंटला लागतं तेवढं ते पितं, उरलेलं वाळून जातं आणि जाताना केसांहून बारीक वाटा मागे ठेवतं. घोटलेल्या लाल कोब्यात त्या तोंडाशी बऱ्याच बुजलेल्या असतात, खरखरीत खळ्यात उघड्याच. सांडलेलं तेल याच वाटांनी आत शिरतं. वरून कितीही घासलं तरी घासणारा हात वर आणि डाग आत, दोघांची भेटच होत नाही.

शिवाय सिमेंटमध्ये चुना असतो, आणि चुना नुसता बसून राहत नाही. लग्नातल्या हळदीची गंमत बघण्यासारखी असते. शेणाच्या खळ्यावर सांडलेली हळद पिवळी राहायची. नव्या कोऱ्या कोब्यावर ती बघता बघता तांबडी होते. घरच्या बायकांना यात नवल वाटायचं कारण नाही, हळदीला चुन्याची जोड देऊनच पूर्वी कुंकू करत. कोबा जुना होत गेला की हवा लागून त्याच्या पृष्ठभागावरचा तिखटपणा ओसरतो, तिथे हळद पिवळी राहते, पण साबणाचं पाणी लागलं की पुन्हा लाल. हळद तशी दिलदार. चार दिवस कडक ऊन मिळालं की उडून जाते. म्हणून खळ्यातल्या हळदीच्या डागावर उन्हासारखं औषध नाही, आणि ते फुकट आहे.

रातांब्याचं उलटं. त्याचा लाल रंग आंबटपणावर टिकतो, चुन्याशी गाठ पडली की निळसर, मळकट होतो. पण रंग ही त्यातली लहान गोष्ट. रातांब्यातलं हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल चुना खातं. रातांब्याच्या रसाची, आगळाची बरणी कोब्यावर उपडी झाली आणि वेळेवर पाणी ओतलं नाही, तर रंग जातो पण तिथली चकाकी कायमची उतरते. हात फिरवला की खडबडीत लागतं. हा डाग निघत नाही, कारण तिथे निघण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

या सगळ्यांचा बाप म्हणजे काजू.

काजू पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला, म्हणजे साधारण धामापूरचं तळं नवं होतं तेव्हा. बीच्या टरफलात एक जाड, काळपट, जहाल तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलवटते. म्हणून घरी काजू भाजताना भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया टाकून खाली जाळ करतात, तेल पेटून भडका उडतो, बिया काळ्या झाल्या की खाली लोटून वर राख टाकायची, राखेनेच हात माखून घ्यायचे आणि मग दगडाने फोडायच्या. जिथे हे चालतं तिथे जमिनीवर काळे, चिकट ठिपके पडतात. मातीच्या खळ्यात ते पावसाळ्यानंतर कुदळीने जायचे. कोब्यावरचे ठिपके पोरं मोठी होऊन नोकरीला लागली तरी तिथेच असतात.

काजूचा एक देशी भाऊबंद आहे, बिब्बा. दोघं एकाच कुळातले, आंबाही त्याच कुळातला. कुणाच्या कामात खोडा घातला की मराठीत 'बिब्बा घातला' म्हणतात, ते उगीच नाही. बिब्ब्याचा रस कपड्याला लागला की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. परटांनी याचाच उपयोग करून घेतला. कुणाचं धोतर कुणाचं हे कळावं म्हणून कापडाच्या कोपऱ्यात बिब्ब्याने खूण करायची आणि ती काळी, पक्की व्हावी म्हणून तिच्यावर चुना लावायचा. इंग्रजांनी त्याला खुणेचं फळ असं नाव दिलं. वनस्पतिशास्त्रात त्याच्या प्रजातीला सेमेकार्पस म्हणतात, त्या ग्रीक शब्दाचाही अर्थ तोच.

आता काजूचं तेल आणि कोबा यांच्याकडे पुन्हा बघावं. तेल बिब्ब्याच्याच जातीचं, आणि खाली चुन्याने भरलेली सिमेंटची जमीन. परीट मुद्दाम करायचा ते कोकणातल्या खळ्यात नकळत होत होतं. डाग पक्का करायची सगळी सामग्री जमिनीनेच पुरवली. ताज्या ठिपक्यावर रॉकेल ओतलं तर तो सैल होतो खरा, पण रॉकेलबरोबर आणखी आतही उतरतो. ओतल्याबरोबर वर राख नाहीतर लाकडाचा भुसा दाबून ते वर ओढून घेतलं तरच थोडाफार गुण येतो. वाळलेला ठिपका निघतच नाही, फिका पडतो इतकंच. हेच तेल कारखान्यात गेलं की गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात, यावरून त्याच्या चिवटपणाची कल्पना यावी.

राखेचा हा उपाय मुळात आज्यांचा. समईतलं तेल सांडलं की त्या लगेच वर चुलीतली राख टाकत आणि तासाभराने केरसुणीने लोटून घेत. राख तेल शोषते, आणि तिच्यातला खार तेल थोडं कापतोही. आज दगडी वास्तूंवरचे डाग काढणारे जाणकार लेप लावतात, तोही याच जातीचा: डाग विरघळवणारं द्रव्य एखाद्या बारीक भुकटीत कालवायचं, जाड थापायचं, झाकून ठेवायचं आणि वाळताना लेपानेच डाग आतून वर ओढून घ्यायचा. घासण्यापेक्षा ओढण्यावर भर. चूल गेली आणि घरात राखच होईनाशी झाली, तिथे हा उपायही बंद पडला.

चाकरमान्याने सिमेंटसोबत एक डागही मुंबईहून आणला, पत्र्याच्या ट्रंकेचा. पावसाळी ओलीत महिनोन्महिने एका जागी बसलेली ट्रंक उचलली की कोब्यावर तिचा तांबेरलेला चौकोन उमटलेला दिसतो, कोपऱ्यांच्या पत्र्यांसकट. गंज म्हणजे लोखंड, आणि इथला चिरा, इथली माती लोखंडानेच लाल. पण मातीचा लाल आपला वाटतो, गंजाचा नाही. त्यावरचं औषध परसात लोंबकळत असतं. माशाच्या कढीत पडणाऱ्या बिंबलांत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. ते गंज सोडवतं, आणि चुन्याशी त्याचं जे काही बनतं ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे कोब्याचं नुकसान इतर आम्लांपेक्षा कमी होतं. बिंबल चिरून डागावर घासायचं, पडू द्यायचं, धुवायचं. एकदा करून भागत नाही. दुकानात मिळणाऱ्या गंज काढायच्या पावडरींमध्येही पुष्कळदा हेच द्रव्य असतं.

दुकानातून आलेली दुसरी बाटली मात्र घातकी. फरशी धुवायचं अ‍ॅसिड ओतलं की फसफस होते, फेस वर येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, मळ निघाला. तो फेस सिमेंटचा असतो. चुना आम्लात विरघळताना वायू सुटतो, त्याचे ते बुडबुडे. डागाच्या बरोबर त्याच्या खालचा थरही जातो, लाल कोब्याची हिरमिजी धुपते, आणि उघड्या पडलेल्या खरखरीत जागेत पुढचा डाग दुप्पट वेगाने मुरतो. गणपतीच्या आधी घाईने अ‍ॅसिड मारलेली ओटी ओळखू येते. ती स्वच्छ दिसत नाही, आजारी दिसते.

गणपतीचा विषय निघाला की शेवाळ आलंच. पावसात सिमेंटच्या खळ्यावर आधी हिरवी, मग काळी बुरशट साय धरते. मातीच्या खळ्यात गवत उगवायचं, पाय घसरायचा नाही. कोब्यावर मात्र आरतीला आलेला पाहुणा पाय वर करून पडतो. फावड्याने खरवडायचं, हिराच्या खराट्याने घासायचं, आणि वर टीसीएल पावडर मारायची. ग्रामपंचायतीकडून विहिरीत टाकायला येणारी ही पावडर आता खळ्यांवरही पडते. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे पुन्हा चुनाच, क्लोरीन पाजलेला. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने १७९९ मध्ये याचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करण्यासाठी. त्याआधी युरोपात कापड आंबट ताकात भिजवून महिनोन्महिने माळावर उन्हात पसरून ठेवत. आमसुलांसारखंच, फक्त रंग घालवण्यासाठी.

गेल्या काही वर्षांत भाड्याने पंप मिळतो. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने खळं एका सकाळी पांढरंफटक होतं. जुना कोबा असेल तर वरची सिमेंट उडून आतली खडी दिसायला लागते. काही घरांनी खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवले, त्यांच्या फटींतून गवत पुन्हा वर आलं.

तरी धामापूरच्या आसपास तुळशीवृंदावनाच्या भोवतीची हातभर जागा शेणाने सारवलेली अजून दिसते, बाकी खळं सिमेंटचं असलं तरी. आणि काजू भाजायचा तो परसात, मातीवर. पत्रा मांडला जातो, जाळ होतो, काळं तेल थेंबथेंब मातीत मुरतं. ओटीच्या कडेला बसून कुणीतरी भाजलेल्या बिया फोडत असतं, आणि तिच्या मांडीखाली गोणपाट घडी घालून अंथरलेलं असतं, काठ चारी बाजूंनी वर दुमडून, एकही टरफल कोब्याला लागू नये म्हणून.